थर्माकोल

किनवटात तहसीलच्या रस्त्याला माझा स्टुडिओ.
पासपोर्ट, बारसं, लग्न,
आणि गेलेल्यांचे मोठे करून दिलेले चेहरे:
डाग पुसायचे, डोळे जरा उघडायचे,
मागं निळं आभाळ टाकून द्यायचं.
एकोणतीस वर्षं हेच.

सुनेत्रा गेली, तेव्हा फ्रेमसाठी फोटो शोधायला बसलो.
चौदा हजार फाइली.
दुसऱ्यांच्या नवऱ्या, दुसऱ्यांचे मामा, पंगती, अक्षता.
ती कुठंच नाही.
ती असायची फ्रेमच्या बाहेर,
पांढरा थर्माकोल तिरका धरून
नवरीच्या गालावर उजेड पाडत.
"पप्पा, हात दुखायलेत."
थांब, एकच.
एका लग्नात थर्माकोलच्या कडेला
तिची चार बोटं सापडली.
असली बोटं मी कापून टाकायचो.
ही कशी राहिली कोण जाणे.

शेवटी बारावीच्या हॉलतिकिटावरचा चेहरा मोठा केला.
आभाळ टाकलं नाही.
शटर ओढलं.

लिंबाजी टेकाम, वनमजूर,
अर्धं शटर उचलून वाकून आत आला.
ओळखपत्राला फोटो पाहिजे.
माणसांचे काढत नाही म्हटलं.
तो उंबऱ्यातच बसला, तंबाखू मळली.
"मंग झाडाचे काढा की. त्याला काही
हसा म्हणावं लागत नाही."

पहिल्या दिवशी साग नवरदेवासारखा काढला,
मधोमध, ताठ, फ्लॅश मारून.
"कामून भेववता त्याला? त्याचं काय लगीन हाय?"
मग बोलता बोलता म्हणाला,
आमच्या बोलीत सागाला टेका म्हणतात.
मी टेकाम.
म्हणजे माझाच फोटो झाला की हो,
चिकटवा ओळखपत्रावर.
कितीतरी महिन्यांनी हसलो.
घशात काहीतरी सुकलेलं होतं, ते चरचरलं.

पैनगंगेकडच्या उतारावर
अळ्यांनी खाल्लेलं सागाचं पान मिळालं.
हिरवं सगळं गेलेलं, शिरांची जाळी तेवढी उरलेली.
उन्हाकडं धरलं.
वाटलं, उजेड यायचा म्हणून
एवढं खाल्लं जावं लागतं का?
मग वाटलं, नाही. हे फार सोपं झालं.
पोरगी उजेडासाठी नाही गेली.
तापानं गेली, आठ दिवसांत, नांदेडच्या दवाखान्यात.
पानाला अळी लागते.
एवढंच.
तरी फोटो काढला. नीट आला.
त्या रात्री सलग पाच तास झोपलो.

आता दर पंधरवड्याला एक बेहडा काढतो,
एकाच दगडावर बसून, एकाच उंचीवरून.
का, ते नक्की सांगता येत नाही.
डॉक्टर वजन लिहून ठेवतो ना, तसं काहीतरी.
वहीत लिंबाजी सांगतो ती नावं लिहितो,
धावडा, तिवस, मोई, भेरा,
आणि काही अशी
जी माझ्या बाराखडीत नीट बसत नाहीत.
आश्रमशाळेच्या गुरुजींनी भिंत मोकळी करून दिली.
पोरं फोटोतलं झाड ओळखतात, मी चुकतो.

श्रावणात मोहाच्या बुडाशी कुत्र्याची छत्री उगवली,
दुधासारखी, अंगठ्याएवढी.
खाली अंधार. उजेड वळवायला कुणी तरी हवं.
चौथीतली जंगू पुढं आली,
जुन्या टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल
दोन्ही हातांनी तिरका धरला,
मी न सांगताच.
मी पालथा पडलेलो, गुडघ्याखाली चिखल,
डोळा लावलेला.
"काका, हात दुखायलेत."

तोंडात शब्द आला होता: थांब.

उठलो.
दोन पावलं मागं गेलो, मग अजून एक.
छत्री राहिली कुठंतरी खाली, अंधुक.
फ्रेममध्ये जंगू, तिची बोटं,
आणि थर्माकोलवरून उलटून
तिच्याच हनुवटीवर पडलेलं ऊन.
"माझा कामून काढला? छत्रीचा काढायचा होता ना?"
काय सांगणार.
ठेव खाली म्हटलं, बस जरा.

शटर आता रोज उघडतो, मंगळवार सोडून.
लग्नंही घेतो. थर्माकोल स्टँडला बांधतो.
बेहड्याचे एकेचाळीस झालेत.
सदतिसावा हललेला आहे.
वारा नव्हता त्या दिवशी.
ठेवलाय.